नेपाळला सहा दिवस: पोखरा गाळून काठमांडूचे खोरेच का पाहावे

ओसरीवरचा

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, माझी थोरली बहीण आणि मेहुणे, सहा दिवसांसाठी नेपाळला जाऊन आलो. जाण्याआधी तीन ठिकाणांहून सहलीचे कार्यक्रम मागवले होते. तिन्हींचा साचा एकच निघाला: आल्या दिवशी पशुपतिनाथ आणि स्वयंभूचा स्तूप, दुसऱ्या दिवशी मनकामना देवीचे दर्शन घेऊन, हिमशिखरे पाहायला जातात ते पोखरा, तेथे दोन मुक्काम, पुन्हा काठमांडू, आणि परतीच्या आदल्या दुपारी ‘पाटण, भक्तपूर (वेळ मिळाल्यास)’. त्या कंसातल्या दोन शब्दांवर आमचे गाडे अडले, कारण ज्या दोन गावांसाठी मला नेपाळ पाहायचे होते त्यांच्याच वाट्याला तो कंस आला होता. शेवटी आम्ही पोखराच गाळले आणि सहाही दिवस काठमांडूच्या खोऱ्यात व खोऱ्याच्या कडेवर काढले. ते शहाणपणाचे झाले की करंटेपणाचे, यावर घरात अजून एकमत नाही. म्हणून हा धागा.

आमचा हिशेब असा होता. काठमांडूहून पोखरा सुमारे २०० किलोमीटर आहे, पण रस्त्याच्या रुंदीकरणामुळे ज्याला विचारावे तो आठ तास धरा असेच सांगत होता. म्हणजे सहापैकी दोन दिवस गाडीत. उलट पाटण हे काठमांडूहून बागमती ओलांडली की आलेच, आणि भक्तपूर जेमतेम १३ किलोमीटरांवर. इतक्या जवळजवळ तीन राजधान्या कशा, याचे उत्तर आपल्याला परके वाटू नये असे आहे: भाऊबंदकी. खोऱ्याचा राजा यक्ष मल्ल १४८२ साली वारल्यावर मुलांनी राज्य आधी सामाईक चालवले आणि मग त्याच्या वाटण्या झाल्या. पुढची पावणेतीनशे वर्षे ही तिन्ही घरे एकमेकांशी लढली, आणि लढाईतून सवड मिळेल तेव्हा शेजाऱ्याच्या वरताण देवळे, वाडे आणि तळी बांधत राहिली. १७६८ साली गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाहाने ऐन इंद्रजात्रेच्या दिवशी काठमांडू घेतले, पाठोपाठ पाटण आणि १७६९ मध्ये भक्तपूर, तेव्हा ही चढाओढ संपली. युनेस्कोने १९७९ साली या खोऱ्यातील जी सात स्थळे एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांतले तीन दरबार चौक ही या भाऊबंदकीचीच कमाई आहे. उरलेली चार म्हणजे स्वयंभू, बौद्धनाथ, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण.

काठमांडू शहरावर आम्ही अन्याय केला हे आधीच कबूल करतो. एक रात्र राहिलो, पशुपतिनाथ केले, संध्याकाळी बौद्धनाथच्या स्तूपाभोवती लोकांच्या ओघात मिसळून तीन प्रदक्षिणा घातल्या, दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंभू उरकले, आणि हनुमान ढोक्याला, म्हणजे काठमांडूच्या दरबार चौकात, कुमारी घराच्या चौकात पाच मिनिटे मान वर करून उभे राहिलो. कुमारी, म्हणजे देवी म्हणून पूजली जाणारी लहान मुलगी, खिडकीत आली नाही. शहरातली धूळ आणि भोंगे यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, पुण्याहून गेलेल्या माणसाने तर त्याबद्दल बोलूच नये.

दुसऱ्या दिवसाचा उरलेला सगळा वेळ पाटणला दिला. सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ साली बांधलेले कृष्णमंदिर हे त्या चौकातले वेगळे देऊळ आहे, कारण सभोवतीची देवळे विटा-लाकडाची आणि उतरत्या छपरांची, तर हे संपूर्ण दगडी, शिखरांचे आणि एकवीस गजुरांचे (कळसाला तिकडे गजुर म्हणतात). पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत आणि दुसऱ्यावर रामायण कोरलेले आहे; बहिणीने खालून बोट दाखवत प्रसंग ओळखायला सुरुवात केली आणि तिच्यामागे शाळेतल्या चार मुली येऊन उभ्या राहिल्या. जुन्या राजवाड्यातले पाटण संग्रहालय चुकवू नये. मूर्ती तर उत्तम आहेतच, पण मूर्ती कशी ओळखावी, ओतकाम कसे करतात, हे तेथे इतके नीट मांडले आहे की त्यानंतर रस्त्यावरच्या मूर्ती वेगळ्या दिसू लागतात. चौकाच्या उत्तर टोकाला जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि तळाशी मकरमुखी दगडी धारा. ही मंगा हिटी. सहाव्या शतकापासूनची ही पाणपुरवठ्याची सोय, आणि आम्ही गेलो तेव्हाही बायका प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन रांगेत होत्या.

भक्तपूरला मात्र आम्ही दोन रात्री गावाच्या आतच राहिलो, आणि सबंध प्रवासातला सर्वांत चांगला निर्णय तोच होता. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत तेथे बसगाड्यांतून आलेल्या पाहुण्यांची झुंबड असते. पाच वाजता चौक गावाला परत मिळतो. देवळांच्या कडेने ‘पाटी’ असतात, म्हणजे लाकडी खांबांवर उभी असलेली, रस्त्याकडून उघडी ओसरी. दिवेलागणीला त्यांवर म्हातारी मंडळी येऊन बसतात, कोणी ‘खिं’ नावाचे पखवाजाच्या जातीचे वाद्य घेतो, आणि मल्ल राजांच्या काळापासून चालत आलेली भजने सुरू होतात. त्यांनी आम्हाला सरकून जागा दिली, पण गाणे थांबवले नाही.

तिथले न्यातपोल हे भूपतींद्र मल्लाने १७०२ साली पुरे केलेले, पाच जोत्यांचे आणि पाच छपरांचे देऊळ सुमारे ३० मीटर उंच आहे. जिन्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक जोत्यावर राखणदारांची एकेक जोडी: खाली दोन पैलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, आणि सर्वांत वर व्याघ्रिणी व सिंहिणी. पैलवानाला दहा माणसांचे बळ, आणि वरचा प्रत्येक जण खालच्याच्या दसपट बलवान, अशी समजूत आहे. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी पायरीवर बसूनच हिशेब केला आणि वरच्या जोडीतल्या प्रत्येकीला एक लाख माणसांचे बळ भरते असे जाहीर केले. आतल्या सिद्धिलक्ष्मीचे दर्शन पुजाऱ्यांखेरीज कोणाला होत नाही. इतका बंदोबस्त असल्यावर ते ठीकच आहे.

दुसऱ्या दिवशी दत्तात्रेय चौकाकडे, पुजारी मठाच्या बाजूच्या बोळात, ती प्रसिद्ध मोराची खिडकी पाहिली. तेथून पुढे एका सुताराच्या दुकानात आम्ही जवळजवळ तास काढला. जाळीची खिडकी तयार होत होती: बोटभर रुंदीच्या शेकडो पट्ट्या, प्रत्येकीला खाचा, खिळा नाही की सरस नाही. बहिणीने जाळी कशी धरून राहते असे हातवाऱ्यांनी विचारले, तेव्हा त्या कारागिराने कडेची एक पट्टी ठोकून बाहेर काढली आणि चौकट किंचित हलवून दाखवली; सगळी जाळी सैल पडून खुळखुळली. पट्टी परत बसवली आणि ती पुन्हा मुकी झाली. तोपर्यंत आम्ही शेकडो खिडक्यांची छायाचित्रे काढली होती, पण खिडकी पाहिली ती तेव्हा.

‘जुजू धौ’ म्हणजे राजा-दही. म्हशीचे दूध आटवून मातीच्या पसरट भांड्यात लावतात, भांडी भाताच्या तुसावर मांडून पांघरुणात गुंडाळतात. माती पाणी शोषून घेते आणि दही सुरीने कापावे इतके घट्ट होते. आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारे, पण टांगून न ठेवलेले. पत्नीने परत आल्यावर दोनदा प्रयोग केला, दोन्ही वेळा साधे दही झाले.

आता डोंगर. नगरकोट काठमांडूहून सुमारे ३२ किलोमीटर, उंची २,१०० मीटरांहून थोडी अधिक. तेथे आम्ही दोन रात्री मुद्दाम ठेवल्या. पहिल्या पहाटे समोरचे झाडही दिसत नव्हते. दिवस वाया न घालवता आम्ही गाडीने तेलकोटपर्यंत उतरलो आणि तेथून डोंगराच्या धारेवरून चालत चांगुनारायणला गेलो. मानदेव राजाचा इसवी सन ४६४ चा शिलालेख तेथे गरुडाच्या मूर्तीशेजारी उभा आहे, आणि नेपाळच्या दहा रुपयांच्या नोटेवर जो गरुडारूढ विष्णू छापलेला असतो तो अंगणाच्या कोपऱ्यात, हात लावता येईल इतक्या अंतरावर. दुसऱ्या पहाटे गच्चीवर सारे जण क्षितिजाला लागून असलेल्या ढगांच्या पट्ट्यात शिखरे शोधत होते. चहा घेऊन आलेल्या मुलाने थर्मास खाली ठेवला आणि हनुवटीनेच ‘अजून वर’ असे दाखवले. ज्याला वरचा विरळ ढग समजून आमची नजर पुढे सरकत होती, तो लांगटांग हिमाल होता. पश्चिमेला गणेश हिमाल, समोर दोर्जे लाक्पा, पूर्वेकडे गौरीशंकर, आणि त्याच्याही पलीकडे टाचणीच्या डोक्याएवढे सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट. चाळीस मिनिटे. मग खोऱ्यातले धुके वर आले.

माझे म्हणणे एवढेच की डोंगर दिसणे आपल्या हातात नसते, गावे पाहणे असते. थोडे दिवस असतील तर त्यांची बांधणी गावांवर करावी आणि डोंगरांसाठी दोन पहाटा राखून ठेवाव्यात. जाणकारांनी दुरुस्ती करावी.

घाटवळण

लेख आवडला, पण निष्कर्षाशी असहमत आहे. नगरकोटहून दिसतात ते डोंगर रांगेने, दुरून आणि नजरेच्या पातळीपेक्षा थोडे वर दिसतात. पोखऱ्याची गोष्टच निराळी आहे. गाव जेमतेम ८०० मीटर उंचीवर, आणि माछापुच्छ्रे ६,९९३ मीटर. अंतर तीस किलोमीटरांच्या आतबाहेर, आणि मध्ये दुसरी मोठी रांग नाही. म्हणजे केळीच्या झाडाखाली उभे राहून सहा किलोमीटर उंचीची भिंत पाहायची. हा अनुभव खोऱ्यात कोठेही मिळत नाही. त्या शिखरावर अधिकृतपणे आजवर कोणीही पाऊल ठेवलेले नाही. १९५७ च्या ब्रिटिश मोहिमेने दिलेल्या शब्दाप्रमाणे माथ्याच्या काही मीटर अलीकडून माघार घेतली आणि पुढे चढाईला परवानगीच मिळाली नाही. त्याच्याच डावीकडे अन्नपूर्णा १, उंची ८,०९१ मीटर, आठ हजार मीटरांवरचे माणसाने चढलेले पहिले शिखर, जून १९५०.

रस्त्याचा त्रास खरा आहे, पण त्यावर विमान हा उपाय आहे. उड्डाण पंचवीस मिनिटांचे, आणि जाताना उजव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी. डोंगर पाहायच्या सारंगकोटच्या टेकडीवर आता तारेवरच्या पाळण्याने जाता येते, पहाटे चारला उठून चढायची गरज उरलेली नाही. सहा दिवसांत दोन रात्री पोखरा आणि दोन रात्री भक्तपूर सहज बसते. गाळायचेच असेल तर काठमांडूच्या मुक्कामातले गाळा.

ओसरीवरचा

घाटवळण, केळीच्या झाडाखालचा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विमानाचा विचार आम्हीही केला होता. मात्र ती छोटी विमाने धुक्यात किंवा वाऱ्यात तासन्‌तास अडकून पडतात, आणि परतीचे आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी असेल तर जीव टांगणीला लागतो. पोखऱ्याहून परतल्यावर एक रात्र काठमांडूत राखायची असेल तर आपण म्हणता ती आखणी सहा दिवसांत ओढाताणीची होते. आठ दिवस असते तर मीही पोखरा धरले असते, आणि रस्त्याने जाऊन वाटेत बंदीपूरला उतरलो असतो. डुम्रेपासून वर धारेवर वसलेले ते नेवारांचे, म्हणजे खोऱ्यातल्या मूळच्या समाजाच्या व्यापाऱ्यांचे गाव, बाजारपेठेत गाड्यांना मज्जाव, आणि उत्तरेला हिमाल. माझ्या यादीत ते पोखऱ्याच्या वर आहे. मेहुण्यांनी हा प्रतिसाद वाचून ‘मी तेव्हाच सांगत होतो’ असे म्हटले आहे, म्हणजे आपल्याला एक मत मिळाले.

दगडमाती

पेशाने बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे न्यातपोलविषयी थोडे. १९३४ चा मोठा भूकंप आणि २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप, दोन्हींतून ते उभे राहिले. त्याच गावात, हाकेच्या अंतरावरचे वत्सला देवीचे दगडी शिखराचे देऊळ २०१५ साली पार कोसळले होते. दगड मजबूत आणि वीट कच्ची हा आपला समज येथे उलटा पडतो. न्यातपोलला रुंद, पायरीपायरीने निमुळते होत जाणारे जोते आहे, जाड भिंतींत लाकडाचे पट्टे आहेत, सांधे खुंट्यांचे आहेत आणि जोडणी मातीची. हादरा बसला की प्रत्येक सांधा थोडाथोडा हलतो आणि जोर खाऊन टाकतो. आपण सुताराकडे जी जाळी खुळखुळताना पाहिली, तेच तत्त्व मोठ्या मापात. छपराला तिरका आधार देणारे जे कोरीव टेकू दिसतात त्यांना ‘टुंडाल’ म्हणतात. केवळ शोभेचे वाटतात, पण पुढे आलेल्या वजनदार छपराचा भार ते भिंतीकडे वळवतात.

आणखी एक ठिकाण धाग्यात यायला हवे होते: काठमांडूचे काष्ठमंडप. ज्याच्यावरून शहराला नाव पडले असे मानतात तो लाकडी मंडप २०१५ मध्ये जमीनदोस्त झाला. नंतरच्या उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकाइतका जुना असल्याचे आढळले. तोवर ही वास्तू बाराव्या शतकातली धरत असत. आणि तो पाया सुस्थितीत होता. पुनर्बांधणी ठेकेदारामार्फत करू नये, लोकांनीच जुन्या पद्धतीने करावी, असा आग्रह स्थानिकांनी धरला आणि तो तडीस नेला. राणी पोखरीचेही तसेच झाले. प्रताप मल्लाने १६७० साली पुत्रशोकात बुडालेल्या राणीसाठी बांधलेल्या त्या तळ्यात भूकंपानंतर काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती. लोक रस्त्यावर उतरले, काम थांबले, आणि पुढे विटा-मातीने पुरे झाले. हनुमान ढोक्याला जाणाऱ्यांनी खिडकीतल्या कुमारीची वाट पाहण्यात घालवलेली पाच मिनिटे काष्ठमंडपाच्या खांबांखाली घालवावीत, अशी सूचना आहे.

गुळांबा

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी आहे. डोंगर आणि पशुपतिनाथ तिला हवेतच. चढउतार किती आहे? आणि आम्ही शाकाहारी. सारखे नूडल्स खावे लागतात का?

ओसरीवरचा

गुळांबा, स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, पण मागच्या बाजूने गाडी बरीच वर जाते आणि मग थोड्याच पायऱ्या उरतात. गाडीवाल्याला आधीच तसे सांगावे. न्यातपोलवर चढण्याची गरज नाही, समोरच्या पाटीवर बसून ते अधिक चांगले दिसते. पाटण संग्रहालयाचे जिने लाकडी आणि खडे आहेत, वरच्या मजल्यांचा मोह आईंनी टाळलेला बरा. नगरकोटच्या मनोऱ्याला उभी लोखंडी शिडी आहे, तिच्या नादी लागू नये. पूर्व-उत्तरेकडे गच्ची असलेली खोली घेतली की अंथरुणातून उठून शाल पांघरून बाहेर यायचे, इतकेच. गुडघ्यांसाठी सर्वांत सोपे म्हणजे चंद्रागिरी. थानकोटच्या बाजूने पाळण्याने दहाएक मिनिटांत सुमारे २,५०० मीटरांवर पोहोचता येते, वर भालेश्वर महादेव आहे, आणि पृथ्वीनारायण शाहाने खोरे प्रथम न्याहाळले ते येथूनच असे सांगतात. एका बाजूला हिमाल आणि दुसऱ्या बाजूला पायाखाली सगळे खोरे, असे दृश्य नगरकोटला नाही.

पशुपतिनाथला कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे लागते, आत छायाचित्रे काढता येत नाहीत. बागमतीच्या पलीकडच्या काठावरून आर्यघाट दिसतो; तेथे चिता जळत असतात आणि लोक त्या न्याहाळत बसलेले असतात. आम्ही तेथे फार थांबलो नाही.

जेवणाची काळजी नको. डाळ, भात, तरकारी सर्वत्र मिळते आणि मागाल तितके वाढतात. भक्तपूरला ‘वो’ म्हणजे उडदाच्या किंवा मुगाच्या वाटलेल्या डाळीचे जाड धिरडे जरूर खावे, फक्त वर अंडे किंवा खिमा नको असे आधी सांगावे. ‘चतामरी’ हे तांदळाच्या पिठाचे, आपल्या घावनाच्या नात्यातले. ‘समय बजि’ या ताटात मधोमध पोहे असतात, पण ते कोरडे आणि कडक. फोडणीची आशा धरून बसलेल्या माझ्या पत्नीची निराशा झाली.

हिशेबनीस

कोरड्या पोह्यांसारखीच काही कोरडी माहिती. विमानाने जाणाऱ्या भारतीय प्रौढांनी पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र न्यावे. आमच्या गटातल्या एका जोडप्याला केवळ आधार कार्ड घेऊन आल्यामुळे दिल्लीच्या विमानतळावरून परतावे लागले. व्हिसा लागत नाही. आपल्या १०० रुपयांचे तेथे १६० होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करू नये. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा दुकानदार सहसा घेतात, मोठ्या नोटांचे नियम निघण्यापूर्वी तपासावेत. बऱ्याच दुकानांत आता आपले यूपीआय चालते, खेड्यांत त्यावर विसंबू नये. तिन्ही दरबार चौकांना प्रवेशशुल्क आहे आणि सार्क देशांच्या नागरिकांसाठी ते बरेच कमी आहे, म्हणून खिडकीवर ओळखपत्र दाखवायचे. भक्तपूरला मुक्काम असेल तर तिकीट जपून ठेवावे, रोज नवे काढावे लागत नाही. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायला विसरू नये. पंधरा मिनिटे किरकोळ वाटतात, पण सुटलेली बस तेवढ्यानेच सुटते.

आणि दिल्लीहून काठमांडूला जाताना विमानात डावी बाजू, येताना उजवी. हिमालय उत्तरेला आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पोथीशाळा

धागाकर्त्यांनी हनुमान ढोक्याला पाच मिनिटे दिली हे वाचून वाईट वाटले. प्रताप मल्लाने १६६४ साली तेथे राजवाड्याच्या भिंतीवर कोरवलेला देवीस्तोत्राचा लेख पंधरा लिप्या-भाषांत आहे, आणि त्यात रोमन अक्षरांतले काही शब्दही आहेत. तो सगळा वाचणारा आला की खालच्या तोटीतून दूध वाहू लागेल, अशी आख्यायिका आहे. तोटी कोरडीच आहे. तेथून जवळच तो आक्राळविक्राळ काळभैरव; त्याच्यासमोर खोटे बोलणारा रक्त ओकून मरतो, या श्रद्धेपोटी पूर्वी तेथे शपथा घेववत.

मराठी माणसासाठी एक छोटा फाटा. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल या दोघांनीही नेपाळच्या हद्दीत आश्रय घेतला. नानासाहेबांचा शेवट तराईच्या रानात हरवला, पण बेगम १८७९ साली काठमांडूतच वारल्या आणि त्यांची कबर घंटाघराजवळच्या जामे मशिदीच्या आवारात आहे. राणी पोखरीपासून ती चालत जाण्याजोगी आहे. मी गेलो तेव्हा तेथे दुसरे कोणी नव्हते.

चैत्रपालवी

माझ्या मुलांच्या परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतात, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्ष आम्हाला कधीच जमणार नाही. एप्रिलच्या मध्यावर गेल्यास नगरकोटला काही दिसेल का? खरे सांगावे, मन राखायला नको.

घाटवळण

खरे सांगायचे तर आशा धरू नये. त्या दिवसांत वणवे पेटलेले असतात, पाऊस नसतो, आणि खोऱ्यात धुराचा पडदा टांगलेला असतो. मी एकदा चैत्रात सारंगकोटला तीन पहाटा उभा होतो आणि तिन्ही दिवशी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा उगवला. माछापुच्छ्रे जेथे असायला हवे तेथे राखाडी रंग. एखादी वळवाची सर आली तर दुसऱ्या सकाळी आकाश धुऊन निघते, पण त्यावर आरक्षण कसे करणार? येथे मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूचा: एप्रिलमध्ये पोखरा गाळा.

ओसरीवरचा

चैत्रपालवी, एप्रिलच्या मध्यावर जाणार असाल तर सरळ भक्तपूरला मुक्काम करा, कारण तेव्हा तेथे बिस्केट जात्रा असते. नेपाळी नववर्ष एक वैशाखला, म्हणजे १४ एप्रिलच्या आसपास सुरू होते, आणि जात्रा त्याच्या आधीपासून नंतरपर्यंत नऊ दिवस चालते. भैरवनाथाचा तीन छपरांचा लाकडी रथ न्यातपोलसमोरच्या टौमढी चौकात जोडतात, आणि मग वरच्या गावाचे व खालच्या गावाचे लोक दोन टोकांना दोरखंड बांधून तो आपापल्या आळीकडे ओढतात. चैत्राच्या अखेरच्या दिवशी भला मोठा लाकडी खांब उभा करतात आणि नववर्षाच्या दिवशी तो पाडतात. गर्दी बेफाम असते आणि रथ कोठे वळेल याचा नेम नसतो, म्हणून मुलांना घेऊन रस्त्यावर उतरू नका. चौकाकडे तोंड असलेल्या एखाद्या वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात दुपारपासून जागा धरून बसा. खोल्या मात्र आजच सांगून ठेवा.

चैत्रपालवी

धागा वर काढते आहे. परवा परतलो. ओसरीवरचा यांचे आभार. पाच रात्रींपैकी चार भक्तपूरला राहिलो. रथाची ओढाताण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिली. दोर ताणला की सबंध रथ कण्हल्यासारखा करकरतो, आणि तो आवाज भिंतीतून आमच्या पाठीला जाणवत होता. पहिले दोन तास तो पुढेही गेला नाही आणि मागेही आला नाही. मग एकदम वरच्या आळीकडे दहा हात सरकला आणि खालच्या आळीच्या आमच्या यजमानांनी खिडकीच लावून घेतली. धाकट्याने कुंभार चौकात चाकावर एक पणती केली. ती तेथेच उन्हात वाळत ठेवून आलो, कारण भाजायला आठवडा लागेल असे ते म्हणाले.

पाचवी रात्र हट्टाने नगरकोटला काढली. घाटवळण यांनी सांगितले होते तसेच झाले, गच्चीवरून समोरची टेकडीही नीट दिसली नाही, आणि आमच्याबरोबर उभ्या असलेल्या पंधरा-वीस जणांनी शेवटी एकमेकांचीच छायाचित्रे काढली. परतीच्या विमानात हिशेबनीस यांचे ऐकून उजव्या बाजूच्या तीन जागा घेतल्या होत्या. काठमांडू सोडल्यावर सहा-सात मिनिटे खिडकीबाहेर निव्वळ मळकट पांढरे होते. मग विमान त्या धुराच्या थराबाहेर आले, आणि थरावर सगळी रांग जशीच्या तशी मांडून ठेवलेली होती. थोरल्याने कोणते शिखर कोणते ते विचारले, तेव्हा मी हा धागा उघडायला गेले, पण तेथे इंटरनेट नव्हते.